पगाराची नोंद : वहीतून संगणकात

कला महाविद्यालयाच्या वार्षिकात कथा असावी, कविता असाव्यात, फार तर एखादे प्रवासवर्णन असावे. पगारपत्रक आणि संगणक हा काय लेखाचा विषय झाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यांनी लिपीचा इतिहास एकदा चाळावा, एवढेच मी सुचवीन. माणूस लिहू लागला तो महाकाव्ये टिपून ठेवण्यासाठी नव्हे. मेसोपोटेमियातील अगदी आरंभीच्या मातीच्या पाट्यांवर आढळतात ते हिशेब : जव किती आला, मेंढ्या किती दिल्या, कोणाला किती शिधा वाटला. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये इसवी सनापूर्वी सुमारे ३१०० ते ३००० या काळातील अशी एक पाटी आहे. मजुरांना वाटलेल्या बिअरच्या शिध्याची नोंद तीवर आहे. महाकाव्ये लिहिली गेली ती पुष्कळ नंतर. कष्टाच्या मोबदल्याची नोंद ही साहित्यापेक्षा वयाने वडील आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

हाच वडीलपणाचा मान तिला संगणकाच्या जगातही मिळाला. लंडनच्या जे. लायन्स आणि कंपनी या चहागृहे व बेकरी चालविणाऱ्या कंपनीने 'लिओ' नावाचा संगणक स्वतःच बांधला आणि १९५१ च्या नोव्हेंबरपासून त्याला कचेरीचे नित्याचे काम दिले. आरंभी बेकरीच्या मालाचे हिशेब आणि १९५४ पासून कामगारांचे पगार. ज्या एका कामगाराच्या पगाराचा हिशेब करण्यास सराईत कारकुनाला आठ मिनिटे लागत, तो लिओ दीड सेकंदात करी. त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने लुइव्हिल येथील आपल्या कारखान्यात युनिव्हॅक संगणकावर पगाराचेच काम घातले. क्षेपणास्त्रांची आणि हवामानाची गणिते सोडविणारे यंत्र कचेरीत शिरले ते पगारपत्रकाचा हात धरून.

मी अर्थशास्त्राची तृतीय वर्षाची विद्यार्थिनी आहे. गेली दोन वर्षे सुट्टीच्या दिवसांत आमच्या गावाजवळच्या एका काजू कारखान्याच्या कचेरीत मी काम करते. कारखाना लहान आहे. बी फोडणे, गर सोलणे आणि वर्गवारी करणे मिळून एक्केचाळीस माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया. त्यांची हजेरी, किलोमागचा मेहनताना, उचल आणि कपात यांचा हिशेब तेथील वयोवृद्ध कारकून काका आजवर लांबलचक वह्यांत ठेवीत आले. तो हिशेब कचेरीतल्या टेबलावरच्या संगणकात उतरविणारा एक छोटा प्रोग्राम मी काकांच्या देखरेखीखाली लिहिला. 'सेव्ह' असे लिहिलेले एक बटण दाबले की पगार नोंदला जातो, असे तो पाहणाऱ्याला वाटते. त्या एका बटणामागे काय काय घडावे लागते, हे संगणकाची पार्श्वभूमी नसलेल्या वाचकाला समजेल अशा रीतीने सांगावे, हा या लेखाचा हेतू आहे.

पडदा म्हणजे वही नव्हे

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. संगणकाच्या पडद्यावर आकडा दिसतो म्हणजे तो लिहून झाला, असे नव्हे. पडद्यावरील चौकटीत टाइप केलेला आकडा यंत्राच्या कामचलाऊ स्मृतीत असतो. ही स्मृती पाटीसारखी आहे. वीज गेली की पाटी कोरी. आमच्याकडे जूनपासून पावसाची झड लागली की वीज दिवसातून किती वेळा जाईल याचा नेम नसतो. तेव्हा पाटीवरचे वहीत उतरवायला हवे. ही वही म्हणजे संगणकाच्या डिस्कवरील एक फाइल, आणि ती सांभाळणारा जो कारभारी, त्याला डेटाबेस असे म्हणतात. मी वापरला तो 'एसक्यूलाइट'. रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी तो २००० साली तयार केला आणि कोणताही हक्क न राखता सर्वांसाठी खुला केला. तो मोफत आहे, सगळा डेटा एकाच फाइलीत ठेवतो आणि त्याच्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. लहान कचेरीला तो सोयीचा.

मग सगळे काही एकाच मोठ्या तक्त्यात का लिहू नये? एकेका ओळीत नाव, पत्ता, खाते क्रमांक, हजेरी, दर, पगार. पुष्कळ ठिकाणी असेच करतात. पण अशा तक्त्यात प्रत्येक बाईचे नाव वर्षातून बारा वेळा लिहिले जाते आणि बारा वेळा लिहिताना ते तीन तऱ्हांनी लिहिले जाते. पत्ता बदलला की तो कोठे कोठे बदलायचा हे शोधत बसावे लागते. जुन्या हिशेबनिसांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी कीर्द वेगळी ठेवली आणि खतावणी वेगळी. १९७० साली ई. एफ. कॉड या आय.बी.एम.मधील गणितज्ञाने आपल्या प्रसिद्ध निबंधात माहिती परस्परांशी नाते असलेल्या तक्त्यांत मांडण्याचा विचार शास्त्रशुद्ध रीतीने सांगितला. आजचे बहुतेक डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत.

आमच्या प्रोग्राममध्ये असे पाच तक्ते आहेत. पहिल्यात माणसे : क्रमांक, नाव, कामावर लागल्याची तारीख. दुसऱ्यात दर आणि नियम. तिसऱ्यात रोजची हजेरी आणि केलेले काम. चौथ्यात उचल. पाचव्यात प्रत्यक्ष दिलेला पगार, त्याच्या सर्व तपशिलांसह. या सर्वांना बांधणारा धागा एकच : कामगाराचा क्रमांक. नाव हा धागा होऊ शकत नाही. एका नावाच्या दोन बाया असतात, लग्नानंतर नाव बदलते, आणि मराठीची एक खास अडचणही आहे. 'कुऱ्हाडे' या आडनावातील 'ऱ' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठविता येते, एकसंध किंवा 'र' व त्याखालचा नुक्ता असे दोन तुकडे करून. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच दिसतात, यंत्राला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. नावावरून शोध घेणाऱ्या प्रोग्रामला एके दिवशी कुऱ्हाडेबाई सापडत नाहीत. त्या समोर उभ्या असतात आणि यंत्र म्हणते, अशी व्यक्ती नाही. क्रमांक हा मनुष्याला रूक्ष वाटतो खरा. पण येथे तोच त्याच्या ओळखीचे रक्षण करतो.

पैशाचा हिशेब पैशात

दुसरी गोष्ट आकड्यांची. संगणक गणितात चुकत नाही अशी आपली श्रद्धा असते. एखाद्या प्रोग्रामिंगच्या भाषेत, उदाहरणार्थ पायथनमध्ये, ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून पाहा. उत्तर ०.३ येत नाही; ०.३०००००००००००००००४ असे येते. यात यंत्राचा दोष नाही. आपल्या दशमान पद्धतीत एक-तृतीयांश नेमका लिहिता येत नाही, ०.३३३ असे लिहीत बसावे लागते; तद्वत संगणकाच्या द्विमान पद्धतीत एक-दशांश नेमका लिहिता येत नाही. तो अगदी जवळचा आकडा घेतो. एका बेरजेत हा फरक नगण्य असतो. पण एक्केचाळीस माणसे, प्रत्येकीच्या पंचवीस-सव्वीस दिवसांच्या कामाच्या रकमा आणि त्यांवरच्या टक्केवाऱ्या यांतून शेवटी केव्हातरी एक पैसा इकडचा तिकडे होतो आणि ताळा जमत नाही. ताळा जमला नाही की पत्रक पुन्हा तपासावे लागते आणि पगार एक दिवस लांबतो.

यावरचा उपाय आपल्या आजोबांना पटेल असाच आहे. रुपये-अपूर्णांक ठेवायचेच नाहीत, पैसे ठेवायचे. १४,३७५ रुपये ५० पैसे ही रक्कम डेटाबेसमध्ये १४,३७,५५० पैसे अशी पूर्णांकात लिहायची. पूर्णांकांच्या बेरजेत यंत्र काटेकोर असते. रुपये आणि पैसे असे दाखविण्याचे काम पडद्याने आणि छपाईने करावे.

पूर्णांक कोठे करायचा, हाही नियम लिहून ठेवावा लागतो. समजा, एका बाईचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १३,४५० रुपये आहेत. भविष्यनिर्वाह निधीसाठी तिच्या वेतनातून १२ टक्के, म्हणजे १,६१४ रुपये कापले जातात. मालकाने तेवढेच घालायचे. पण मालकाच्या हिश्शाचे दोन भाग होतात : ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेकडे आणि उरलेले निधीकडे. १३,४५० चे ८.३३ टक्के होतात १,१२० रुपये आणि साडेअडतीस पैसे. ते १,१२० धरायचे आणि उरलेले ४९४ निधीत घालायचे. येथे दुसरा भाग टक्केवारीने स्वतंत्रपणे न काढता वजाबाकीनेच काढला पाहिजे, म्हणजे दोहोंची बेरीज १,६१४ च राहते. तपशील लहान आहे, पण त्या बाईच्या म्हातारपणाच्या पैशाचा आहे.

सगळे, नाही तर काहीच नाही

आता त्या 'सेव्ह' बटणाकडे वळू. ते दाबल्यावर एका बाईच्या बाबतीत निदान तीन गोष्टी लिहायच्या असतात. पगाराची मुख्य नोंद, तिच्यातील जमा व कपातीच्या ओळी, आणि उचलीतून या महिन्याचा हप्ता वळता झाल्याची नोंद. समजा, हप्ता एक हजाराचा आहे. उचलीच्या तक्त्यात हजार रुपये फिटले असे लिहिले गेले आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. पगाराची नोंद झालीच नाही. वीज आल्यावर कारकून पुन्हा बटण दाबणार. पुन्हा हजार फिटले. बाईच्या हातात हजारच कमी आले आहेत, वहीत मात्र दोन हजार फिटल्याचे दिसते. हे मालकाच्या नुकसानीचे झाले. क्रम उलटा असता तर तेच बाईच्या नुकसानीचे झाले असते.

यासाठी डेटाबेसमध्ये 'ट्रान्झॅक्शन' नावाची सोय असते. आपण त्याला एकसंध व्यवहार म्हणू. व्यवहार सुरू झाला असे सांगायचे, तिन्ही नोंदी करायच्या आणि शेवटी 'कमिट', म्हणजे शिक्कामोर्तब, असे सांगायचे. शिक्कामोर्तब होण्यापूर्वी काहीही बिघडले तर तिन्ही नोंदी झाल्याच नाहीत असे समजले जाते. या विषयाचा पाया घालणाऱ्यांत जिम ग्रे या अमेरिकन शास्त्रज्ञाचे नाव प्रमुख आहे. १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळाले.

पण वीज गेल्यावर अर्धवट लिहिलेले पुसते कोण? एसक्यूलाइटची पद्धत मला फार आवडली. वहीचे एखादे पान बदलण्यापूर्वी तो त्या जुन्या पानाची जशीच्या तशी नक्कल एका वेगळ्या फाइलीत करून ठेवतो. नक्कल डिस्कवर खरोखरच उतरली याची खात्री करून घेतो. मगच मूळ पानावर नवे लिहितो. सर्व पाने लिहून झाली, तीही डिस्कवर उतरली, की ती नक्कल तो काढून टाकतो. नक्कल नाहीशी होण्याचा क्षण हाच शिक्कामोर्तबाचा क्षण. मध्येच वीज गेली तर पुढच्या खेपेस फाइल उघडताना त्याला ती नक्कल पडलेली दिसते. काम अर्धवट राहिले होते हे तो ओळखतो आणि जुनी पाने जागच्या जागी परत ठेवतो. अर्धा पगार ही अवस्थाच शिल्लक राहत नाही.

बटण दोनदा दाबले जाण्याचा धोका तरीही उरतोच. यंत्र जरा संथ चालले की माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबतो. 'कृपया एकदाच दाबा' अशी सूचना पडद्यावर लिहून भागत नाही. पगाराच्या तक्त्यावरच बंधन घालावे लागते की एक कामगार, एक वर्ष, एक महिना यांची जोडी दुसऱ्यांदा येणे नाही. मग दुसरी नोंद डेटाबेस स्वतःच नाकारतो. त्याचप्रमाणे, जो क्रमांक माणसांच्या तक्त्यात नाही, त्याच्या नावे पगार लिहिता येऊ नये, असाही पहारा बसविता येतो. नसलेल्या माणसांच्या नावे पगार काढण्याची कला आपल्या देशात अपरिचित नाही, म्हणून हा पहारा महत्त्वाचा. येथे एसक्यूलाइट वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्यात हा पहारा सहसा आपोआप सुरू नसतो. प्रत्येक वेळी डेटाबेस उघडताना तो चालू करण्याची आज्ञा द्यावी लागते. तसेच आकड्याच्या रकान्यात अक्षरे लिहिली तरी एरव्ही तो तक्रार करीत नाही. २०२१ पासून तक्ता तयार करतानाच 'स्ट्रिक्ट' असे सांगण्याची सोय झाली आहे. तेवढे सांगितले की आकड्याच्या जागी 'बारा' असे लिहिलेले तो घेत नाही.

आणखी एक गंमत सांगते, जी वस्तुतः गंमत नाही. गोव्याची हद्द आम्हांला जवळ, त्यामुळे डिसोझा, डिमेलो ही आडनावे आमच्या हजेरीपटावर आहेत. रोमन लिपीत ती लिहिताना आरंभीच्या डी या अक्षरानंतर वरच्या बाजूला एक स्वल्पविरामासारखे चिन्ह येते. डेटाबेसच्या भाषेत नाव कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे दाखविण्यासाठी तेच चिन्ह वापरतात. आज्ञेचे वाक्य आणि नाव यांची सरळ जुळणी केली, तर यंत्राला वाटते की नाव 'डी' या एका अक्षरातच संपले. पुढच्या अक्षरांचा अर्थ त्याला लागत नाही आणि नोंद होत नाही. सगळ्यांचा पगार नोंदला जातो, डिसोझाबाईंचा राहतो. हीच फट वापरून एखादा लबाड माणूस नावाच्या चौकटीत नावाऐवजी आज्ञाच लिहू शकतो. उपाय सोपा आहे. आज्ञेत नावाची जागा रिकामी ठेवायची आणि नाव वेगळे हाती द्यायचे. मग डेटाबेस त्याला केवळ नाव समजतो, वाक्याचा भाग समजत नाही. ज्या प्रोग्रामला माणसाचे नाव धड लिहिता येत नाही, त्याने त्याच्या पैशाला हात लावू नये.

कालचा नियम कालसाठी

आतापर्यंत सांगितलेले बहुतेक सारे कोणत्याही हिशेबाला लागू पडेल. पगाराच्या नोंदीचा विशेष पुढेच आहे. तो म्हणजे काळ.

महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यान्वये व्यवसाय कर घेतला जातो. दरमहा दहा हजारांवर वेतन असेल तर साधारणपणे दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून वर्षाचे २,५००, कारण त्याहून अधिक व्यवसाय कर घेण्यास राज्यघटनेचा २७६ वा अनुच्छेद परवानगी देत नाही. पूर्वी स्त्रियांना महिना दहा हजारांपर्यंतच्या वेतनावर हा कर नव्हता. २०२३ साली ही मर्यादा पंचवीस हजारांवर नेण्यात आली.

आता समजा, एका बाईला सर्व मिळून १५,८०० रुपये मिळतात. २०२२ च्या जानेवारीत तिचे २०० रुपये कापले गेले. २०२४ च्या जानेवारीत काहीच नाही. दोन्ही बरोबर. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने पगार न साठविता केवळ हजेरी आणि दर साठविले आणि पावती मागितली की दर वेळी नव्याने गणित करायचे ठरविले, तर काय होईल? २०२२ ची पावती आज काढली तर तीवर कर शून्य दिसेल. बाईच्या हातातील जुन्या पावतीवर मात्र २०० रुपये आहेत. दोन कागद, दोन आकडे. खरा कोणता? ज्याच्या हाती यंत्र, त्याचा.

म्हणून नियम असा : दर आणि कर प्रोग्रामच्या पोटात न लिहिता तक्त्यात लिहायचे आणि प्रत्येक दरासोबत तो कोणत्या तारखेपासून लागू झाला हेही लिहायचे. नवा दर आला की जुना पुसायचा नाही, खाली नवी ओळ घालायची. दुसरे, पगार दिला त्या दिवशी जे आकडे धरले ते सर्वच्या सर्व पगाराच्या तक्त्यात कायमचे उतरवून ठेवायचे : मूळ वेतन किती, दर किती, कर किती, हप्ता किती, हातात किती. गणित एकदाच होते, त्या दिवशी. त्यानंतर ते गणित उरत नाही. ती घडलेली गोष्ट होते, आणि घडलेली गोष्ट पुन्हा मोजायची नसते, वाचायची असते.

आणि मागाहून चूक आढळली तर? याचे उत्तर मला कोणत्याही पुस्तकाने दिले नाही, काकांनी दिले. त्यांच्या वह्यांत कोठेही खाडाखोड नाही. विचारले तेव्हा ते आपल्या मालवणीत म्हणाले, "बाय गो, चूक झाली तर रेघ मारूची, पण खालचा वाचूक येवक व्हया." रेघ मारावी, पण खालचे वाचता आले पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि सही. प्रोग्राममध्ये आम्ही हेच ठेवले. महिना बंद झाला की त्या महिन्याची ओळ बदलता येत नाही, काढताही येत नाही. मार्चमध्ये दोन दिवसांचा मेहनताना कमी गेला असेल, तर एप्रिलमध्ये 'मार्चचा फरक' अशी स्वतंत्र ओळ येते; ती कोणी घातली, केव्हा घातली आणि का घातली हे तिच्याबरोबर लिहिले जाते. पुसून बरोबर केलेल्या वहीपेक्षा चूक आणि दुरुस्ती दोन्ही दाखविणारी वही अधिक विश्वासाची.

नोंद कोणासाठी

हा एवढा काटेकोरपणा कशासाठी, असा प्रश्न मला माझ्या मैत्रिणींनी विचारला. एक्केचाळीस माणसांचा तर पगार! त्याचे उत्तर मला घरातच मिळाले होते. माझी मावशी दुसऱ्या एका कारखान्यात सोलणीचे काम करी. तेथून ती निवृत्त झाली तेव्हा निवृत्तिवेतनासाठी तिची नोकरी मोजण्यात आली. भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेल्या योजनेत मासिक निवृत्तिवेतन मिळण्यास दहा वर्षांची नोकरी लागते. मावशीने काम केले होते अकरा वर्षे. नोंदीत निघाली नऊ वर्षे दोन महिने. मधल्या काळातील पगाराच्या वह्या कारखान्याकडे नव्हत्या. त्या वाळवीने खाल्ल्या, असे कोणी म्हणाले. जागा बदलताना हरवल्या, असे दुसरे कोणी. मावशी दीड वर्ष हेलपाटे घालीत होती. अखेर उपयोगी पडल्या त्या तिने बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलेल्या पगाराच्या चिठ्ठ्या. शाई फिकट झालेली, घड्या पडलेल्या. पण महिना, रक्कम आणि कपात वाचता येत होती.

त्या काळात तिच्यावर मुद्दाम कोणी अन्याय केला असे मला वाटत नाही. नोंद लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फक्त त्या महिन्याचा सात तारखेचा पगार होता. तो वाटला गेला, वहीचे काम संपले. वीस वर्षांनी कोणीतरी येऊन ती उघडायला सांगेल हे त्याच्या ध्यानी नव्हते. पगाराची नोंद आज पगार वाटणाऱ्यासाठी जेवढी, त्याहून अधिक ती पुढे केव्हातरी विचारायला येणाऱ्यासाठी असते. तो विचारायला येईल तेव्हा लिहिणारा कारकून नसेल, कदाचित कारखानाही नसेल. त्या वेळी नोंदीने स्वतःच्या बळावर उत्तर दिले पाहिजे. एकसंध व्यवहार, पैशातले पूर्णांक, तारखेसह दर, न पुसणारी दुरुस्ती या साऱ्या गोष्टी त्या उत्तरासाठी आहेत.

वाळवी वही खाते, तशी डिस्कही बिघडते. म्हणून दर पगारानंतर डेटाबेसची प्रत निघते. एक कचेरीत राहते, दुसरी कचेरीबाहेर दुसऱ्या ठिकाणी. ती प्रत खरोखर उघडते की नाही हे तीन महिन्यांतून एकदा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावे लागते. न उघडून पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे, केवळ समजूत आहे. फाइलीला परवलीचा शब्द आहे, कारण कोणाला किती मिळते आणि कोणी किती उचल घेतली हे गावाने वाचायचे नसते. आणि शेवटचे काम जुनेच आहे. पगार नोंदला गेला की प्रत्येकीची चिठ्ठी छापून, सही घेऊन, तिच्या हातात दिली जाते. संगणक आला म्हणून चिठ्ठी बंद करावी, कागद वाचेल, अशी सूचना एकदा पुढे आली होती. काकांनी आणि मी दोघांनीही तिला विरोध केला. नोंद एकाच बाजूला असेल तर ती हिशेब असते; दोन्ही बाजूंना असेल तर पुरावा होते.

कला शाखेच्या विद्यार्थ्याला संगणकाचे काय, असे विचारणाऱ्यांना मी सांगेन की प्रोग्राम लिहिण्याचा बराचसा भाग गणिताचा नसून भाषेचा आहे. 'पगार दिला' हे वाक्य भूतकाळी आहे, हे ओळखणे व्याकरणाचे काम आहे. कोणती गोष्ट बदलू शकते आणि कोणती घडून गेली आहे, एका नावाची दोन माणसे वेगळी कशी ठेवायची, रेघेखालचे कोणाला वाचता यावे, हे प्रश्न इतिहासाच्या आणि अर्थशास्त्राच्या तासालाही येतात. आपल्यापैकी बहुतेकजणी उद्या कोठल्यातरी कचेरीत बसणार आहेत आणि कोणाच्या तरी कष्टाचा आकडा आपल्या हातून चौकटीत भरला जाणार आहे. तो भरताना पलीकडे एक माणूस आहे, आणि तो वीस वर्षांनी हा आकडा विचारायला येऊ शकतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.